पोलादी वेष्टने आणि संग्राहकाचा विवेक

चित्रपट तारेवाटे थेट घरात येऊ लागल्यावर त्याची तबकडी विकत घेणारा ग्राहक हळूहळू नाहीसा होईल, हे भाकीत बऱ्याच अंशी खरे ठरले आहे. टपालाने डीव्हीडी घरपोच करण्याच्या ज्या व्यवसायावर नेटफ्लिक्स कंपनीचा पाया घातला गेला, तो तिने सप्टेंबर 2023 मध्ये कायमचा बंद केला. आणि अमेरिकेतील बेस्ट बाय या मोठ्या विक्रेत्याने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तबकड्यांच्या व्यापारातून अंग काढून घेण्याचे जाहीर करून पुढील वर्षी ते अमलातही आणले. तथापि सामान्य ग्राहकाने पाठ फिरविल्यानंतर या बाजारात जो मनुष्य शिल्लक राहिला, तो वस्तू हाती धरून तिचा आनंद घेणारा आणि त्या आनंदासाठी अधिक दाम मोजण्यास राजी असलेला संग्राहक होता. सबब उत्पादकांची दृष्टी साहजिकच त्याच्याकडे वळली, आणि जी शोभिवंत वेष्टने पूर्वी निवडक गाजलेल्या चित्रपटांच्या वाट्याला येत, ती आता बऱ्यावाईट, नव्याजुन्या चित्रपटांना सरसकट चढविली जाऊ लागली. तबकड्यांचा एकंदर खप उतरत असता संग्राह्य वेष्टनांची रेलचेल मात्र वाढत जावी, असा हा विलक्षण प्रसंग आहे. आणि त्यात सापडलेल्या हौशी मनुष्याने आपले द्रव्य, आपली आवड आणि आपल्या कपाटातील जागा यांचा विनियोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

वस्तूचा परिचय

या वेष्टनांपैकी सर्वांत प्रसिद्ध प्रकार म्हणजे स्टीलबुक. डेन्मार्कच्या स्कॅनाव्हो या कंपनीचे ते व्यापारचिन्ह असून, प्लास्टिकच्या नेहमीच्या डबीऐवजी पातळ पोलादी पत्र्याची, पुस्तकासारखी उघडणारी आणि आत तबकडी बसविण्यासाठी प्लास्टिकचे खाचे असलेली डबी, असे त्याचे स्वरूप असते. पत्र्यावर थेट छपाई होत असल्यामुळे कागदाला न साधणारे काही परिणाम तेथे साधतात: रंगाखालून धातूची मूळ चकाकी डोकावू देता येते, अक्षरे अथवा आकृती ठशाने उंच किंवा खोल उठविता येतात, आणि एकाच पृष्ठभागावर झिलई व निस्तेजपणा यांची योजना करता येते. दर्शनी बाजू, पाठ, कणा आणि आतील दोन्ही पृष्ठे मिळून एकच चित्र कल्पिणारा कुशल चित्रकार लाभला, म्हणजे ही डबी केवळ आवरण न राहता चित्रपटावरील एक स्वतंत्र भाष्य बनते. संग्राहक तिच्या मोहात पडतो तो याच गुणामुळे.

स्टीलबुकाची भावंडेही पुष्कळ आहेत. जर्मनीत 'मीडियाबुक' नावाचा प्रकार रूढ आहे. त्यात पुठ्ठ्याच्या बांधणीचे छोटे सचित्र पुस्तक आणि तबकड्या एकत्र बांधलेल्या असतात. दक्षिण कोरियातील नोव्हा मीडिया, चेक प्रजासत्ताकातील फिल्मअरेना आणि चीनमधील ब्लूफॅन्स यांसारख्या संस्था स्टीलबुकावर आणखी एक पुठ्ठ्याचे कवच चढवितात, हलवताच चित्र बदलणारे लेंटिक्युलर आवरण जोडतात, अनुक्रमांक छापतात आणि छायाचित्रांची पत्रे आत घालतात. अमेरिकेतील व्हिनेगर सिंड्रोमसारख्या छोट्या प्रकाशनसंस्था मात्र साध्याच डबीवर नव्याने रंगविलेले पुठ्ठ्याचे स्लिपकव्हर चढवून त्याच्या ठरावीक प्रती काढतात. त्या संपल्या की आतील तबकडी पूर्ववत् मिळत राहते, आणि नाहीसे होते ते फक्त आवरण.

दुर्मीळता कशी जन्मास येते

अतिपुरवठ्याचा विचार करण्यापूर्वी दुर्मीळता मुळात कोठून येते, हे नीट समजून घेतले पाहिजे; कारण या बाजारातील बहुतेक फसगत याच एका अज्ञानातून होते. वस्तू दुर्मीळ होते ती उत्पादकाने तिच्यावर 'मर्यादित आवृत्ती' असा शिक्का मारल्याने नव्हे. ती दुर्मीळ होते ती कालांतराने तिच्या बहुसंख्य प्रती नष्ट झाल्याने. बोलपटांच्या आरंभकाळापासून आपल्याकडे चित्रपटगृहांच्या दारात गाण्यांची पुस्तके विकली जात. ती स्वस्त असत, विपुल छापली जात, आणि खेळ संपल्यावर बहुतेकांच्या घरी ती रद्दीतच जात. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अशी पुस्तके जतन करून ठेवावी लागतात आणि त्यांच्या शोधात संग्राहक जुन्या बाजारांत हिंडतात, ते त्यांच्या छपाईच्या आकड्यामुळे नव्हे. ती जपून ठेवण्यासारखी वस्तू आहे असे त्या काळी फारच थोड्यांना वाटले म्हणून.

याच्या उलट, जी वस्तू 'जपून ठेवा' असे सांगूनच विकली जाते, ती प्रत्येक जण जपतो. आणि जी प्रत्येकाने जपली ती कधीही दुर्मीळ होत नाही. स्टीलबुक घेणारा मनुष्य ते पारदर्शक आवरणात घालतो, उन्हापासून दूर ठेवतो, कित्येकदा त्याची सीलही तोडत नाही. म्हणजे पहिल्या दिवशी बाजारात आलेल्या जवळजवळ सर्व प्रती वीस वर्षांनंतरही अस्तित्वात असणार, आणि मालकांचा उत्साह ओसरला किंवा कपाट भरले म्हणजे त्या पुन्हा विक्रीस येणार. संग्राह्य म्हणूनच जन्मलेल्या वस्तूच्या नशिबी हा अतिपुरवठा पहिल्यापासूनच लिहिलेला असतो, ही गोष्ट प्रत्येक संग्राहकाने मनाशी पक्की बांधून ठेवावी.

पूर्वानुभवाची साक्ष

या तत्त्वाची साक्ष चित्रपटांच्या वेष्टनांच्या इतिहासातच मिळते. आपले जुने व्यंगचित्रपट काही वर्षांच्या अंतराने पुन्हा चित्रपटगृहांत आणण्याची डिस्ने कंपनीची वहिवाट 1944 साली 'स्नो व्हाइट'च्या पुनःप्रदर्शनापासून रूढ झाली. आणि घरी पाहण्याच्या कॅसेटी निघू लागल्यावर तेच धोरण 'तिजोरी'च्या नावाने चालू राहिले, म्हणजे कॅसेट ठरावीक मुदतीपर्यंतच विकावयाची आणि नंतर वर्षानुवर्षे ती बाजारातून काढून घ्यावयाची. मुदत टळण्याच्या भीतीने लोक खरेदीस धावत. पण धावत ते लाखोंनी, आणि म्हणूनच 'ब्यूटी अँड द बीस्ट' (1992) व 'अलादीन' (1993) या कॅसेटींचा खप प्रत्येकी दोन कोटींच्या घरात किंवा त्याच्याही वर गेला. या काळातील कॅसेटींच्या कण्यावरील काळ्या हिऱ्याच्या आकृतीमुळे त्यांना 'ब्लॅक डायमंड' असे नाव पडले आहे, आणि त्यांच्यासाठी हजारो डॉलर मागणाऱ्या जाहिराती अधूनमधून झळकतात. परंतु मागितलेला भाव आणि मिळालेला भाव यांत महदंतर असते, आणि प्रत्यक्षात त्यांतील बहुसंख्य कॅसेटी अगदी किरकोळ किमतीला जातात. प्रत्येक घरात जी वस्तू माळ्यावर पडलेली आहे, तिच्यासाठी शेजाऱ्याने धन का ओतावे?

दुसरे उदाहरण अमेरिकेतील चित्रकथांच्या बाजाराचे. जुन्या चित्रकथांना मिळणारे मोठमोठे भाव पाहून 1990 च्या सुमारास लोक नव्या चित्रकथाही ठेव म्हणून साठवू लागले, आणि प्रकाशकांनी त्यांची ही हौस निरनिराळ्या मुखपृष्ठांनी व चकचकीत आवरणांनी भागविली. 1991 च्या 'एक्स-मेन'च्या पहिल्या अंकाला पाच निरनिराळी मुखपृष्ठे होती आणि त्याच्या ऐंशी लाखांहून अधिक प्रती निघाल्या. पुढील वर्षी सुपरमॅनच्या मृत्यूचा अंक काळ्या पिशवीत सीलबंद होऊन आला, आणि पिशवी न फोडता तो जपणाऱ्यांना त्यापासून मोठा लाभ होण्याची आशा वाटू लागली. थोड्याच वर्षांत हा डोलारा कोसळला, असंख्य दुकाने बंद पडली, आणि डिसेंबर 1996 मध्ये खुद्द मार्व्हल कंपनीला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. जुन्या अंकांना भाव होता तो मुलांनी ते वाचून फाडले म्हणून. नवे अंक कोणी फाडलेच नाहीत.

अतिपुरवठ्याचे दोन प्रकार

संग्राह्य वेष्टनांच्या बाबतीत अतिपुरवठा दोन रूपांनी येतो, आणि त्या दोहोंचे परिणाम भिन्न असल्यामुळे त्यांतील भेद ओळखणे आवश्यक आहे. पहिला प्रकार एकाच आवृत्तीच्या प्रती मागणीपेक्षा अधिक निघण्याचा. तो ओळखणे सोपे असते: प्रकाशनानंतर काही महिन्यांनी तेच स्टीलबुक सवलतीच्या यादीत दिसू लागते, उठाव नसलेला माल दुकानात पडून राहतो, आणि ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण दाम मोजले त्यांना पश्चात्ताप होतो. हा दोष काळाच्या ओघात थोडाफार भरून येतो. माल हळूहळू संपतो आणि भाव स्थिरावतो.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आणि अधिक घातक आहे; तो म्हणजे एकाच चित्रपटाच्या आवृत्त्यांचाच सुळसुळाट. जर्मनीतील काही प्रकाशक एकाच चित्रपटाचे मीडियाबुक मुखपृष्ठ अ, ब, क, ड अशा निरनिराळ्या रूपांत काढतात आणि प्रत्येकावर 333 किंवा 444 अशी मर्यादा छापतात. प्रत्येक रूप सुटेपणी पाहिले तर दुर्मीळ भासते. परंतु आतील तबकडी, आतील लेख आणि आतील चित्रपट एकच असल्यामुळे सर्व रूपांची बेरीज केली की ती दुर्मीळता विरघळून जाते. कोरियातील आवृत्त्यांत पुठ्ठ्याचे पूर्ण कवच, लेंटिक्युलर कवच आणि या सर्वांना सामावून घेणारी मोठी पेटी, अशी तीन-तीन रूपे एकदम निघतात. 'टर्मिनेटर 2'सारख्या लोकप्रिय चित्रपटाची स्टीलबुके तर देशोदेशी आणि वारंवार इतकी निघाली आहेत की त्यांतील कोणते एक 'खरे' म्हणून ठेवावे, हे ठरविणे कठीण व्हावे. प्रत्येक आवृत्ती मर्यादित आणि आवृत्त्या मात्र अमर्याद, असा हा मामला आहे.

आकर्षण का ओसरते

केवळ भाव पडला एवढीच हानी असती, तर जो विकण्यासाठी घेत नाही त्याने तिची क्षिती बाळगण्याचे कारण नव्हते. परंतु अतिपुरवठा खुद्द आकर्षणालाच कसर लावतो, आणि ती तीन वाटांनी.

पहिली वाट उत्कंठेच्या क्षयाची. विशेष वेष्टन हे चित्रपटाच्या गौरवाचे चिन्ह होते. अमुक चित्रपटाला ते लाभले यावरूनच त्याची योग्यता सूचित होई. सर्वांनाच तो मान मिळू लागला म्हणजे त्यातील विशेष लोपतो, आणि अर्थशास्त्रात ज्याला घटत्या उपयोगितेचा नियम म्हणतात तो येथे अचूक लागू पडतो: दहावे स्टीलबुक हाती आल्यावर जो आनंद झाला होता, तो शंभरावे आले तेव्हा उरत नाही, मग ते शंभरावे दहाव्यापेक्षा कितीही देखणे असो.

दुसरी वाट कलेच्या ऱ्हासाची. दरमहा डझनावारी वेष्टने काढावयाची म्हटल्यावर प्रत्येकासाठी चित्रकार नेमणे, चित्र नव्याने काढविणे, ठसे कोठे उठवावेत याचा विचार करणे, हे सर्व परवडेनासे होते; आणि चित्रपटाच्या जुन्या जाहिरातीतील नटांचे चेहरे उचलून पत्र्यावर छापण्याची सोपी रीत रूढ होते. मग डबी पोलादी असते खरी, परंतु तिच्यावरील चित्र प्लास्टिकच्या डबीवरील कागदाहून वेगळे नसते. अशा वेळी अधिकचे दाम आपण पत्र्यासाठी मोजतो, कलेसाठी नव्हे.

तिसरी वाट विश्वासाच्या भंगाची. 'पुन्हा निघणार नाही' असे समजून घेतलेले वेष्टन नव्या शिक्क्यानिशी किंवा दुसऱ्या देशातून जसेच्या तसे पुन्हा निघते, तेव्हा संग्राहकाला राग येतो तो पैशाचा कमी आणि वचनाचा अधिक. काही आवृत्त्या पूर्वी एखाद्याच दुकानाची मिरासदारी असत. बेस्ट बायसारखे दुकान या व्यापारातून निघून गेल्यावर तो मक्ता मोडला आणि तसाच माल अनेक विक्रेत्यांकडे वाटला गेला. ग्राहकाची सोय झाली हे खरे. परंतु 'फक्त येथेच' या शब्दांतील जादू त्याबरोबर ओसरली, हेही तितकेच खरे.

खरेदीपूर्वीच्या कसोट्या

अशा परिस्थितीत संग्राहकाने प्रथम चित्रपटाची आणि मग वेष्टनाची परीक्षा करावी, हा आमचा पहिला सल्ला आहे. तबकडीवरील प्रत कोणत्या मूळ फितीवरून घेतली, ती नव्याने सुधारलेली आहे काय, उपशीर्षके कोणत्या भाषांत आहेत, सोबत लेख किंवा मुलाखती आहेत काय, या प्रश्नांची उत्तरे वेष्टन उघडण्यापूर्वीच मिळविता येतात. सत्यजित राय यांच्या अपू-त्रयीच्या मूळ फिती 1993 मध्ये लंडनमधील प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या होत्या. पुढे तज्ज्ञांनी मोठ्या कष्टाने त्या सांधून आणि स्वच्छ करून तयार केलेली प्रत क्रायटेरियन या प्रकाशनसंस्थेने 2015 साली तबकडीवर आणली. असा संच कागदी पाकिटात आला असता तरी तो घेण्याजोगा होता. आणि जी वस्तू वेष्टनावाचूनही घ्यावीशी वाटते, तीच वेष्टनासह घेण्यास पात्र समजावी.

वेष्टन आणि आशय यांची सांगड कशी बसते, याचे चांगले उदाहरण 2023 च्या अखेरीस दिसले. तोवर केवळ डिस्ने प्लस या सेवेवर पाहावयास मिळणाऱ्या 'लोकी', 'वांडाव्हिजन' आणि 'द मँडलोरियन' या मालिका प्रथमच तबकडीवर आल्या, त्या स्टीलबुकाच्याच रूपात. तेथे डबी घेणारा मनुष्य इतरत्र न मिळणारी मालकी घेत होता. त्यामुळे त्या खरेदीला जो अर्थ होता, तो पाचव्यांदा निघालेल्या जुन्या चित्रपटाच्या नव्या डबीला असणे शक्य नाही.

दुसरी कसोटी वेष्टनाची. दर्शनी चित्र या चित्रपटासाठीच काढलेले आहे की जाहिरातीतून उचललेले. पत्र्याच्या गुणांचा काही उपयोग केला आहे की नाही. कणा कपाटात शोभेल असा आहे काय. आणि आतील पृष्ठे कोरी ठेवली आहेत काय, हे पाहावे. 'मर्यादित आवृत्ती' ही पट्टी त्यावरून काढून टाकली असती तरी आपण हे घेतले असते काय, असा प्रश्न स्वतःस विचारावा. उत्तर नकारार्थी आले तर तेथेच थांबावे.

तिसरी कसोटी आकड्याची. ज्या वेष्टनावर मर्यादा लिहिली आहे पण संख्या लिहिलेली नाही, त्याची मर्यादा शून्य किमतीची समजावी. संख्या लिहिली असल्यास ती एका देशापुरती आहे की साऱ्या जगाकरिता, एका मुखपृष्ठाची आहे की सर्वांची मिळून, आणि तेच चित्र दुसऱ्या देशात दुसऱ्या विक्रेत्याने छापले आहे काय, याचा तपास करावा. आगाऊ नोंदणी काही तासांत संपली म्हणून हुरळून जाऊ नये. तीत साठेबाजांचा वाटा मोठा असतो, आणि त्यांनी उचललेल्या प्रती काही आठवड्यांत पुन्हा विक्रीस येतात.

भाव कसा पारखावा, केव्हा थांबावे

भावाची चौकशी करताना विक्रेता किती मागतो याकडे दुर्लक्ष करून प्रत्यक्ष सौदा कितीला झाला, एवढेच पाहावे. ईबेसारख्या बाजारात केवळ विकल्या गेलेल्या वस्तूंची यादी निवडून पाहण्याची सोय असते. तीत मागील काही महिन्यांतील भाव दिसतात, आणि एकाच वस्तूच्या किती प्रती विकल्या गेल्या यावरून पुरवठ्याचाही अदमास येतो. ज्या 'दुर्मीळ' वस्तूच्या प्रती दर आठवड्याला विकल्या जात आहेत, ती दुर्मीळ नव्हे.

थांबणे हे संग्राहकाचे सर्वांत मोठे शस्त्र आहे, परंतु ते सर्वत्र सारखे चालत नाही. मोठ्या कंपनीचा लोकप्रिय चित्रपट, मोठ्या विक्रेत्याकडील आवृत्ती आणि संख्येचा उल्लेख नाही, असे असेल तर निःशंक थांबावे. नोव्हेंबरातील ब्लॅक फ्रायडेची विक्री, बार्न्स अँड नोबल या दुकानातील क्रायटेरियन तबकड्यांची जुलै-नोव्हेंबरातील अर्ध्या किमतीची विक्री आणि व्हिनेगर सिंड्रोमची मे महिन्यातील सवलत, हे पर्वकाळ दरवर्षी येतात. याउलट छोट्या प्रकाशकाने जाहीर संख्येने काढलेली, अन्यत्र तबकडीवर उपलब्ध नसलेल्या चित्रपटाची आवृत्ती असेल, तर ती मूळ किमतीलाच घेणे श्रेयस्कर. तेथे थांबण्याने मिळणारी सवलत अल्प असते आणि हुकण्याचा धोका मोठा.

परंतु जुन्या, बाजारातून गेलेल्या आवृत्तीसाठी अवाच्या सवा भाव देण्यापूर्वी एका प्रकरणाचे स्मरण ठेवावे. इटलीचे दिग्दर्शक पाझोलिनी यांच्या 'सालो' या चित्रपटाची डीव्हीडी क्रायटेरियनने 1998 साली काढली आणि हक्कांच्या अडचणीमुळे ती लवकरच बंद झाली. मग ती शेकडो डॉलरांना विकली जाऊ लागली, आणि भावाच्या लोभाने तिच्या बनावट प्रतीही बाजारात पसरल्या. 2008 मध्ये त्याच संस्थेने अधिक चांगल्या प्रतीची नवी आवृत्ती काढली, तेव्हा चित्रपट पाहण्यासाठी घेणाऱ्यांना जुन्या तबकडीचे प्रयोजन उरले नाही. ती केवळ पहिली आवृत्ती म्हणून जपणाऱ्या मोजक्या मंडळींची वस्तू झाली. हक्कांची मुदत संपल्याने येणारी दुर्मीळता खरी असते, पण ती तहहयात नसते. हक्क पुन्हा विकले जातात आणि चित्रपट पुन्हा निघतो.

आपल्याकडील संग्राहकासाठी

भारतात ही वेष्टने बहुतांशी परदेशातून मागवावी लागतात. कारण आपल्याकडील बाजाराने उलटाच मार्ग धरला होता. मोझर बेअर कंपनीने 2007 च्या सुमारास व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकून तबकडी सर्वांच्या आटोक्यात आणली, पण त्या किमतीत वेष्टनाची हौस भागणे शक्य नव्हते. सबब येथील संग्राहकाने वस्तूच्या छापील किमतीत टपालखर्च, सीमाशुल्क, कर आणि वाटेत डबी चेपण्याची जोखीम, ही सर्व कलमे मिळवूनच हिशेब मांडावा. हा हिशेब केला म्हणजे परदेशात स्वस्त भासणारी अर्धी यादी आपोआप गळून पडते. विक्रेत्यास जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात, बुडबुड्यांच्या प्लास्टिकात गुंडाळून पाठविण्याची विनंती आधीच लेखी करावी. पत्रा एकदा चेपला की तो पूर्ववत् होत नाही. अमेरिकेत किंवा इंग्लंडात राहणाऱ्या आप्तांकडे माल मागवून तो त्यांच्या सामानातून आणविण्याची वहिवाट अनेक घरांत आहेच. तीतही सीमाशुल्काचे नियम पाळावे.

तबकडी आपल्या यंत्रावर चालेल काय, हेही आधी पाहावे. ब्लू-रेच्या प्रदेशविभागणीत भारत 'सी' विभागात येतो, अमेरिका 'ए'मध्ये आणि युरोप 'बी'मध्ये; डीव्हीडीच्या विभागणीत भारताचा क्रमांक 5 आहे. काही तबकड्या सर्व विभागांत चालतात, पण तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर गृहीत धरू नये. 4के अल्ट्रा एचडी तबकड्यांना मात्र हे प्रदेशबंधन नाही. त्यामुळे परदेशातून मागविणाऱ्यास त्या अधिक निर्धोक.

जतनाच्या बाबतीत कोकणातील आणि मुंबईतील दमट हवा हा पोलादाचा शत्रू होय. जेथे खरचटून रंग उडाला तेथे गंज चढतो. म्हणून प्रत्येक डबी मापाच्या पारदर्शक आवरणात ठेवावी, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून पावसाळ्यात त्या बदलाव्या, आणि डब्या एकमेकींवर न रचता पुस्तकाप्रमाणे उभ्या, पण फार दाटीने नव्हे अशा ठेवाव्या. आणि सील न तोडण्याचा मोह टाळावा. 2006 ते 2008 या काळात बनलेल्या आपल्या काही डीव्हीडींमध्ये दोष आढळत असल्याचे वॉर्नर कंपनीने 2025 मध्ये मान्य केले आहे. ज्याने आपली प्रत कधी उघडलीच नाही, त्याला आतील चित्रपट जिवंत आहे की नाही हे कळण्यास मार्ग नाही. विकत घेतलेली तबकडी मुदतीत लावून पाहावी, म्हणजे सदोष निघाल्यास ती परत तरी करता येते.

संग्रहाला मर्यादा हवी

बाजाराने मर्यादा पाळली नाही तर ती संग्राहकाने स्वतःच घालून घ्यावी लागते. एखादा दिग्दर्शक, एखादा कालखंड, एखाद्या देशाचा चित्रपट अथवा एखाद्या चित्रकाराने रंगविलेली वेष्टने, असा विषय निश्चित करावा. एका चित्रपटाची एकच आवृत्ती ठेवण्याचा दंडक घालावा. आणि नवी चांगली आली तर जुनी विकून टाकावी. प्रत्येक खरेदीची तारीख, किंमत आणि एकूण खर्च वहीत नोंदवावा. वर्षाअखेरीस ती नोंदवही वाचणे हा खरेदीच्या हौसेला घातलेला सर्वांत परिणामकारक आळा होय. नको असलेली प्रत विकताना तिच्यातील तबकडी, कागद आणि आवरण यांचा तपशील आणि डबीवरील प्रत्येक खोक प्रामाणिकपणे सांगावा. रिकाम्या डब्या आणि बनावट प्रती यांमुळे हा बाजार आधीच पुरेसा बदनाम झालेला आहे.

भाव वाढेल या आशेने कोणीही वेष्टने साठवू नयेत. त्यासाठी टपालखात्याचे बचतपत्र अधिक खात्रीचे आहे. ज्या चित्रपटावर आपला जीव आहे त्याची एक उत्तम प्रत वाजवी किमतीत घ्यावी, ती उघडावी, पाहावी, पाहुण्यांना दाखवावी. कारण अशा प्रतीचा आनंद बाजारात आणखी किती प्रती आहेत यावर अवलंबून राहत नाही, आणि अतिपुरवठ्याला ज्याचे मोल कमी करता येत नाही असा एवढा एकच माल या बाजारात मिळतो.